अल्-मिस्री, अझीझ अली
(१८७९ ? – १५ जून १९६५). ईजिप्शियन सेनाधिकारी, अरब अधिकाऱ्यांच्या गुप्त संघटनांचा प्रवर्तक व मुत्सद्दी. जन्म कैरो येथे. जन्मवर्ष काही ठिकाणी १८८० असे दिलेले आढळते. घराणे सामान्यतः सर्केशियन (कॉकेशसमधील एक जमात) मानले जाते. पूर्वज मूळचे बसऱ्याचे अरब व्यापारी असून कॉकेशसमध्ये गेल्यावर त्यांचे सर्केशियनांशी सोयरसंबंध जुळले, अशीही एक परंपरा आहे. अरब चळवळीच्या पुढाऱ्याला अरब वंशावळ सोयीची होती, हे ध्यानात घेता ही परंपरा जपूनच स्वीकारावी लागते. ‘अल्-मिस्री’ म्हणजे मिसरचा, अर्थात ईजिप्तचा.

इस्तंबूलच्या लष्करी विद्यालयात शिक्षण घेऊन तो ऑटोमन सैन्यात दाखल झाला. मॅसिडोनियात बल्गेरियन टोळ्यांशी लढत असताना तो तरुण तुर्कांच्या, म्हणजे सुलतानाच्या एकतंत्री सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्यांच्या, संघटनेत शिरला. येमेनमध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या इमाम याह्याशी झालेल्या १९११ च्या समझोत्यात त्याचा हात होता; पुढे लिबियात इटालियनांविरुद्ध लढताना तरुण तुर्कांचा एक नेता एन्व्हर परतल्यावर बेंगाझी आघाडीची सूत्रे त्याच्याकडे आली. एन्व्हरशी त्याचे वितुष्ट याच काळातले.

‘अल्-अह्द’ (करार) ही संघटना त्याने बहुधा १९१३ च्या अखेरीस स्थापन केली. सभासद मुख्यत्वे लष्करी अधिकारी, त्यांतही इराकी अधिक. पुढे इराकचा पंतप्रधान झालेला नूरी अस्-सईद त्यांपैकी एक. संघटनेच्या उद्दिष्टाविषयी मतभेद आहेत. तिला अरब स्वातंत्र्याची पहिली लष्करी संघटना म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ऑस्ट्रिया-हंगेरीच्या धर्तीवर तुर्क व अरब यांचे जोडराज्य व्हावे, ही कल्पना तिच्या मुळाशी होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अल्-मिस्रीचे पुढील वर्तनही त्याला दुजोरा देते. फेब्रुवारी १९१४ मध्ये त्याला अटक झाली. लिबियातील पैशांचा अपहार व तेथील प्रदेश इटालियनांना मिळू देणे, असे आरोप ठेवून एप्रिलमध्ये देहान्ताची शिक्षा ठोठावण्यात आली. मात्र अरबांचा क्षोभ व ब्रिटिशांचे दडपण यांमुळे त्याला सोडून ईजिप्तला पाठविण्यात आले. तुर्कांविरुद्धच्या १९१६ च्या अरब बंडात तांबड्या समुद्रावरील राबिग येथे नियमित सैन्य उभारण्याचे काम त्याच्याकडे आले, पण तुर्कांशी संपूर्ण फारकत त्याला नको असल्याचा संशय बंडाचा पुढारी, मक्केचा शरीफ हुसेन याला होता. काही महिन्यांतच त्याला हेजाझ (पश्चिम अरबस्तान) सोडावे लागले.

त्यानंतरचा काही काळ यूरोपात गेला. १९३५ मध्ये युवराज फारूक इंग्लंडमध्ये वुलिच येथे शिकायला गेला, तेव्हा लष्करी शिक्षक म्हणून अल्-मिस्री सोबत होता. तो शिस्तीचा कडक, तर युवराजासोबतच्या पथकाचा प्रमुख अहमद हसनैन लाड पुरविणारा. दोघांचे जमले नाही. १९३९ मध्ये पंतप्रधान अली माहिरच्या मंत्रिमंडळाने त्याला सेनाप्रमुख केले. जर्मनांविषयीची त्याची सहानुभूती उघड असल्याने ब्रिटिशांनी १९४० मध्ये त्याला पदावरून दूर करविले.

१६ मे १९४१ च्या पहाटे हुसेन झुल्फिकार साबरी व अब्दुल मुनइम अब्दुर रऊफ या दोन वैमानिकांसह त्याने लष्करी विमानातून पलायनाचा प्रयत्न केला. बेरूतमार्गे इराकमधील ब्रिटिशविरोधी पंतप्रधान रशीद अलीच्या मदतीस जाण्याचा बेत होता, असे बहुतेक मानतात. थेट जर्मनांकडे जायचे होते, असेही एक मत आहे. बेत फसला तो अंधारातल्या एका चुकीने. अंधारात तेलाची कळ उघडण्याऐवजी बंद झाली, इंजिन तापले आणि कैरोच्या उत्तरेस कल्यूबजवळ विमान झाडावर आदळले. तिघेही जिवंत राहिले, पायी शहरात परतले आणि जूनमध्ये पकडले गेले. १९४२ मध्ये पंतप्रधान नह्हासच्या सरकारने त्यांना सोडले. पण जर्मन हेरांच्या प्रकरणात त्याच वर्षी अल्-मिस्रीला पुन्हा अटक झाली.

तरुण अधिकाऱ्यांत मात्र या फसलेल्या उड्डाणाने त्याचे वजन वाढलेच. अन्वर सादातसह अनेक जण त्याच्याकडे सल्ल्यासाठी जात. १९५२ च्या क्रांतीनंतर, सत्तरी ओलांडलेली असताना, त्याची मॉस्को येथे राजदूत म्हणून नेमणूक झाली (१९५३–५४). विमानातील सोबती साबरी हाही पुढे परराष्ट्र खात्यात उपमंत्री झाला.