माळ्यावरचा लेमन सेट

दिवाळीच्या दोन आठवडे आधी मी लालबागला आत्याकडे माळा आवरायला जाते. चाळीतलं दहा बाय बाराचं घर आणि ओट्याच्या वर छतालगत ठोकलेला लाकडी माळा. मी स्टुलावर चढून एकेक खोकं खाली देते, आत्या ते फडक्यानं पुसते आणि कुणी दिलं ते सांगते. दोन लेमन सेट, दोन्हींवर दुकानातली चिकटपट्टी अजून तशीच. तीन डब्यांचा कॅसरोल. भिंतीवरची तीन घड्याळं. काका शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून जमत गेलेलं शालींचं गाठोडं. सगळं पुसून झालं की पुन्हा वर जातं. टाकायला ती तयार नसते, कारण प्रत्येक वस्तूमागे एक माणूस आहे.

खाली, गॅसशेजारच्या खिळ्याला चहाची गाळणी लटकलेली असते. स्टीलची, जाळी एका कडेनं किंचित सैल झालेली, दांड्याच्या बेचक्यात चहाचा तपकिरी डाग मुरलेला. कुठल्याशा संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटलेली. वहिनी चाळ सोडून बदलापूरला गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. पण त्या घरात आजही ती 'वहिनींची गाळणी'च आहे आणि दिवसातून तीनदा तरी कुणी ना कुणी 'वहिनींची गाळणी दे गं' म्हणतं.

लेमन सेट गाळणीहून कितीतरी महाग. दिसायला देखणा. देणाऱ्यानं तो मनापासूनच दिला असणार. मग तो माळ्यावर का गेला? दिवाळीची खरेदी तोंडावर असताना या प्रश्नाकडे जरा नीट पाहायला हवं, कारण मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं नेमकं हेच तपासत आलेत.

सुरुवात एका अर्थशास्त्रज्ञानं केली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना विचारलं की नाताळात मिळालेल्या भेटीची किंमत किती असावी, आणि भावनेचा भाग बाजूला ठेवला तर तुम्ही स्वतः तिला किती पैसे मोजाल? दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी निघाला. भेटींच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग असा वाया जातो, असा त्यांचा निष्कर्ष. सर्वांत जास्त घट दूरच्या किंवा वयानं मोठ्या नातेवाइकांच्या भेटींत होती, सर्वांत कमी मित्रांच्या आणि प्रेमाच्या माणसांच्या भेटींत. आणि ज्यांचा अंदाज चुकण्याची शक्यता जास्त, ते आजी-आजोबा, मामा-काका बऱ्याचदा सरळ रोख पैसेच देत होते. आपल्याकडे मामा पाकिटात ५०१ रुपये घालून भाच्याच्या हातात ठेवतो, त्यातही हाच शहाणपणा आहे. 'पैसे काय द्यायचे, कोरडं वाटतं' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंधरा वर्षांच्या भाच्याचं सध्या काय चाललंय हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं पाकीटच द्यावं.

पण वाल्डफोगेल यांच्या प्रश्नातच एक गोम आहे. भावनेचा भाग बाजूला ठेवा, म्हणजे वहिनींची गाळणी ही नुसती गाळणी समजा. १९९६ साली सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे या संशोधकांनी वेगळ्या पद्धतीनं विचारून पाहिलं, तेव्हा लोकांनी भेटींचं मोल त्यांच्या किमतीपेक्षा जास्त सांगितलं. म्हणजे भेट पैशाला तोट्यातच जाते असं नाही. कुठली भेट कुठे जाते, हा खरा प्रश्न.

त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर २०१६ सालचं आहे. जेफ गॅलाक, ज्युलियन गिवी आणि एलानोर विल्यम्स या तिघांनी भेटींवरचे तोवरचे बरेच अभ्यास एकत्र ठेवून पाहिले आणि त्यांतून एकच धागा काढला. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भेट हातात पडण्याचा क्षण असतो: कागद फाटला, खोकं उघडलं, चेहरा खुलला. घेणाऱ्याला मात्र त्या क्षणानंतरचे सगळे दिवस त्या वस्तूबरोबर काढायचे असतात. देणारा भाऊबीजेचा विचार करतो आणि घेणारी त्यानंतरच्या मंगळवारचा. लेमन सेट भाऊबीजेला शोभून दिसतो. मंगळवारी तो दहा बाय बाराच्या घरात जागा अडवतो.

मुंबईत ही गोष्ट जास्तच खरी आहे, असं मला कळकळीनं वाटतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा घरात आलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाची तरी जागा घेते. आपण मोठं खोकं देतो, म्हणजे समोरच्याच्या घरातली वीतभर जागाही मागून घेतो.

किमतीचंही तसंच. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अॅडम्स यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकताच साखरपुडा झालेल्यांना अंगठीबद्दल विचारलं होतं. अंगठी जितकी महाग तितकी ती तिला आवडली असणार, अशी देणाऱ्या पुरुषांची खात्री. घेणाऱ्या स्त्रियांच्या उत्तरांत किमतीचा आणि आवडण्याचा तसा संबंध दिसला नाही. महाग वस्तू विकत घेताना खिशाला बसलेली कळ देणाऱ्याला जाणवते, म्हणून ती समोरच्यालाही दिसेल असं त्याला वाटत राहतं.

आता म्हाताऱ्या माणसांकडे येऊ. त्यांना आपण शाल देतो, कारण शाल हा मान आहे. पण मुंबईत थंडी ती किती? त्यापेक्षा डोळ्यांचं शास्त्र पाहा. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर, गढूळ होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. आजोबा पेपर घेऊन खिडकीशी सरकतात ते चष्म्याचा नंबर वाढला म्हणूनच असं नाही, त्यांना खरोखरच कमी उजेड मिळत असतो. अशा माणसाला मान वळवता येणारा, खुर्चीमागून नेमका पानावर पडेल असा दिवा दिला, तर तो रोज सकाळी त्यांच्या कामी येईल. काकांना मी तो दिला. पहिल्या दिवशी कौतुक फारसं झालं नाही, 'कशाला खर्च केलास' एवढंच म्हणाले. आता संध्याकाळचं शब्दकोडं ते त्याच्याखाली सोडवतात.

लहान मुलांच्या बाबतीत उलटा मोह होतो, ढीगभर द्यायचा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळण्यांत सोडून पाहिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. क्रॉफर्ड मार्केटमधून खेळण्यांची पिशवी भरून आणण्याआधी घरात आधीच किती आहेत ते बघावं, इतकंच.

मित्रमैत्रिणींना वस्तूऐवजी अनुभव द्यावा, याला चांगला आधार आहे. सिंडी चॅन आणि कॅसी मॉगिल्नर यांनी २०१७ साली दाखवलं की नाटक, सहल, जेवण अशा भेटींनी नातं जास्त घट्ट होतं, आणि देणारा बरोबर नसला तरीही होतं, कारण अनुभव घेताना मन जास्त हलतं. पण मुंबईकराला यात एक पुरवणी जोडावी लागेल. अर्नेस्ट बास्किन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं होतं की देणारा दर्जा पाहतो आणि घेणारा सोय. देणाऱ्याला लांबचं नावाजलेलं हॉटेल द्यावंसं वाटतं, घेणाऱ्याला घराजवळचं साधं चालतं. डोंबिवलीच्या मैत्रिणीला नरिमन पॉइंटला रात्री साडेआठच्या कार्यक्रमाची तिकिटं द्यायची म्हणजे तिचा अर्धा जीव घड्याळात. शेवटच्या लोकलचा हिशेब करत ती गाणं ऐकणार. त्यापेक्षा तिच्या गावातल्या सावित्रीबाई फुले कलामंदिरातलं रविवारच्या दुपारचं नाटक द्या, ती पाय मोकळे सोडून बघेल.

नवरा-बायकोंना एकमेकांबद्दल सगळं माहीत असतं आणि नेमकी तिथेच फसगत होते. डॅव्ही लेरूज आणि लुक वारलोप या संशोधकांनी २००६ साली जोडप्यांना एकमेकांची आवड ओळखायला लावली. ओळख जुनी असल्यामुळे मनात आधीच साठलेल्या समजुतीवरच ते विसंबून राहिले. जोडीदाराची खरी आवड काय ते समोर सांगितलं जात असतानाही त्यांनी त्यातून फारसं शिकून घेतलं नाही. 'तिला मोरपिशी रंग आवडतो' हे वीस वर्षांपूर्वी खरं असेल. गेल्या दोन वर्षांत तिनं स्वतःहून घेतलेल्या साड्यांत एक तरी मोरपिशी आहे का?

घरकामाला येणाऱ्या ताईंबद्दल एकच सांगते: त्यांचा बोनस ही भेट नव्हे. तो पूर्ण द्यावा, वेळेवर द्यावा, आणि भेट द्यायची तर त्यावर द्यावी.

सगळ्यांसाठी एकदम खरेदी करताना आणखी एक चूक होते. मेरी स्टेफेल आणि रॉबिन लेबफ यांनी २०१४ साली दाखवलं की अनेकांसाठी एकाच वेळी भेटी निवडताना लोक प्रत्येकासाठी वेगळी वस्तू शोधतात. सर्वांत आवडेल अशी वस्तू एकाला दिली की दुसऱ्याला मुद्दाम वेगळी, म्हणजे कमी आवडणारी देतात. दोघांची कधी गाठ पडणार नसली, तरीही. मला हे वाचताना संक्रांतीचं वाण आठवलं. वाण लुटताना आपण वीसजणींना एकच वस्तू देतो: गाळणी, वाटी, पळी, लहानसा डबा. 'तिला वेगळं, हिला वेगळं' हा प्रश्नच नसतो. वस्तू रोजच्या वापराची हवी आणि सगळ्यांना सारखी, एवढ्या दोनच अटी. आपल्या आज्या-पणज्यांच्या या रीतीत, संशोधकांनी शोधलेल्या दोन्ही चुका आपोआप टळतात. लेमन सेट माळ्यावर गेला आणि गाळणी खिळ्यावर राहिली याचं बरंचसं कारण मला इथे सापडतं.

तरी प्रश्न उरतोच की समोरच्याला काय उपयोगी पडेल ते कळायचं कसं? आपण म्हणतो, तिच्या जागी स्वतःला ठेवून बघ. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी हेच २५ प्रयोगांत तपासलं आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं. दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना करून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येत नाही. अचूकता वाढली ती त्या माणसाला थेट विचारल्यावर.

पण मराठी घरात विचारायचं म्हणजे पंचाईत. 'दिवाळीला काय देऊ?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'काही नको गं, आहे सगळं.' ते उत्तर खोटं नसतं. घरातल्या अडचणी अंगवळणी पडल्या की त्या अडचणी म्हणून आठवतच नाहीत. म्हणून मी आता वस्तूबद्दल विचारतच नाही. दिवसाबद्दल विचारते. सकाळी उठल्यावर काय काय करतेस, कुठे खोळंबा होतो, कुठली गोष्ट कंटाळवाणी वाटते. आणि तिच्या स्वयंपाकघरात अर्धा तास नुसती उभी राहते.

या वर्षी माळा आवरून झाल्यावर आत्या चटणी वाटायला उठली. मिक्सरच्या छोट्या भांड्याचं झाकण मागेच फुटलेलं. भांड्यावर तिनं स्टीलची ताटली ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि कोपरानं बटण फिरवलं. ताटली थरथरत होती. कडेनं खोबऱ्याचे शिंतोडे तिच्या मनगटावर उडत होते. 'असं कधीपासून करतेस?' मी विचारलं. तिला आठवेना.

ते भांडं मी पिशवीत घालून लोहार चाळीत घेऊन गेले. तिसऱ्या दुकानात माणसानं खोक्यातली सात-आठ झाकणं एकामागून एक लावून पाहिली, नवव्याला रबर बदललं, फिरवलं, आणि ते खटकन बसलं. ७० रुपये. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, मी तसंच नेलं. आत्यानं कागद सोडला, झाकण उलटंसुलटं पाहिलं आणि काही न बोलता ओट्याकडे गेली. खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली, झाकण लावलं, एका हातानं बटण फिरवलं. दुसऱ्या हातानं ती तोवर माझ्यासाठी चहाचं आधण ठेवत होती.