पेव ते उचल: मराठवाड्यातल्या कोरडवाहू घराने दुष्काळी साल कसं काढलं

पावसाने ओढ दिली की कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आधी कडब्याच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या, पेंढ्या मोजल्या जातात. धान्य उसनं मिळतं, कडबा मिळत नाही, कारण आपल्याकडे संपतो तेव्हा शेजाऱ्याकडेही संपलेला असतो. एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा लागतो, म्हणजे मध्यम चार पेंढ्या. जोडीचे आठ महिने काढायचे तर गंजीत दोन हजारांच्या आसपास पेंढी हवी. बीड, लातूर, धाराशिव, परभणीकडे वाईट साल निभावलं ते याच हिशेबावर, आणि हिशेब मोडला तो ज्वारीचं क्षेत्र घटलं तेव्हा.

जुन्या घरांची खरी ठेव पेवात असे. गावठाणातल्या घट्ट पांढऱ्या मातीत तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा खणायचा, आतून कडब्याचा थर द्यायचा, उन्हाळ्यात कडक वाळवलेली रब्बीची ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. दाणा ओलसर राहिला किंवा पाऊस मुरला की कडेची ज्वारी काळी पडून कुबट वास मारायची. पेव उघडणं जोखमीचं काम होतं. दाण्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपलेला असतो, म्हणून तोंड उघडून बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. घाईत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याचं जवळपास प्रत्येक गावच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.

१९७२च्या दुष्काळात ही ठेव संपली. आधीची दोन सालंही धड नव्हती, त्यामुळे पेवं रिकामी झालेली होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी (पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ) आणि रानातली तरोट्याची भाजी यांवर घरं जगली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामं निघाली. मजुरी मोजमापावर होती, जेवढी चौकडी (मापाचा चौकोनी खड्डा) खोदली तेवढे पैसे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा १९७७चा, आणि अंमल २६ जानेवारी १९७९पासून. घरातल्या बाईचं नाव हजेरीपटावर वेगळं लागलं. घरापुरतं बघितलं तर हा बदल पाझर तलावांपेक्षा मोठा होता, असं आमचं मत आहे.

त्याच सुमारास पीकही बदलत होतं. १९६४मध्ये आलेल्या सीएसएच-१पासून पुढच्या संकरित ज्वारीने दाणा वाढवला. पण ती बुटकी, कडबा कमी, आणि काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळं पडतं. नंतर सोयाबीन आलं, २००२नंतर बीटी कापूस पसरला. दोन्हींनी हातात रोकड दिली. मात्र सोयाबीनचं भुसकट जनावर नाइलाजाने खातं आणि कापसाची पऱ्हाटी, म्हणजे वाळली झाडं, चुलीशिवाय कुठे जात नाही. शिवाय बी, खत, फवारणीचा खर्च पेरणीआधीच होऊन बसतो, त्यामुळे पाऊस गेला की चारा नसतो आणि देणं मात्र उभं असतं.

१९७२ला विहिरींना थोडंफार पाणी होतं, धान्य नव्हतं. २०१२नंतरच्या दुष्काळांत रेशनचं धान्य मिळालं, पाणी नव्हतं. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. खेड्यात मात्र टँकरची वाट बघत २०० लिटरच्या ड्रमवर घर चालवावं लागलं. बोअर खोल नेऊन उपयोग होईलच असं नाही. काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली एकसंध खडक लागला की नुसती धूळ उडते आणि कर्ज राहतं.

मग कोयता, म्हणजे ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, दसरा-दिवाळीनंतर साखरपट्ट्याकडे प्रयाण. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. मागे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि एखादी शेळी राहते. बैलगाडीवाले जोडी सोबत नेतात, ती वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जगते. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची.

घरी राहिलेल्या जनावराला वेगळा धोका. पाण्याचा ताण बसून गुडघाभर राहिलेली, किंवा कापल्यावर पावसाच्या एखाद्या सरीने पुन्हा फुटलेली हिरवी ज्वारी भुकेलं जनावर अधाशासारखं खातं आणि त्याला किराळ लागते. तोंडाला फेस, धाप, पाय लटपटणं, आणि थोड्याच वेळात जनावर आडवं. तसल्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. फुलोऱ्यानंतर ते कमी होतं, कापून चांगली वाळवली की बरंचसं उडून जातं. लागलंच तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, डॉक्टरला तिथेच बोलवावं.

ज्यांच्या दावणीला अजून जनावर आहे, ते अर्धा एकर का होईना मालदांडी, म्हणजे रब्बी ज्वारीचं जुनं वाण, पेरतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ओल बघून, एकरी चार किलो बी, दोन ओळींत दीड फूट. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपणी. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवून भेगा बुजवल्या की खालची ओल कणसापर्यंत टिकते. कणीस भरलं नाही तरी कडबा हाती लागतो.