प्रतिपिंडांचा आकडा आणि रुग्णाची लक्षणे

मायस्थेनिया म्हणजे स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार. त्यामागे प्रतिपिंडे (इथे शरीराच्याच घटकांवर उलटलेली संरक्षक प्रथिने) असावीत, हा तर्क १९६० चा. पुरावा मिळाला १९७३ मध्ये. विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाचे ॲसिटिलकोलीन रिसेप्टर (नसेचा संदेश स्नायूवर झेलणारे प्रथिन) सशांना टोचले, तर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनून सशांचे स्नायूच ढिले पडले. १९७६ मध्ये रुग्णांच्या रक्तातली ही प्रतिपिंडे मोजता येऊ लागली आणि कोडे पडले: टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण) भरमसाट असलेला हिंडता-फिरता, तर जेमतेम पॉझिटिव्ह असलेला व्हेंटिलेटरवर. नुसत्या आकड्यावरून दोन रुग्णांची तुलना तेव्हाही जमत नव्हती, आजही जमत नाही.

मारा कुठे होतो, यावर मात्र बरेच ठरते. जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराच्या मिलर फिशर प्रकारात डोळ्यांची हालचाल थांबते आणि तोल जातो. १९९२ मध्ये या रुग्णांत जीक्यू१बी या नसेवरील घटकाविरोधी प्रतिपिंडे सापडली. डोळे हलवणाऱ्या नसांमध्ये हाच घटक मुबलक असतो.

खरा वाद सीआयडीपीचा, म्हणजे नसांच्या आवरणाला दीर्घकाळ इजा होणाऱ्या आजाराचा. न्यूरोफॅसिन-१५५ किंवा कॉन्टॅक्टिन-१ या नसेतल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असलेले रुग्ण वर्षानुवर्षे याच नावाखाली होते, कारण नर्व्ह कंडक्शनचे (नसेतून संदेश कसा वाहतो, याच्या तपासणीचे) निकष त्यांना लागू पडत. पण न्यूरोफॅसिनवाले बहुधा तरुण, हातांना ठळक कंप, चालताना झोक जाणारे, आणि आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या, दात्यांच्या प्रतिपिंडांनी) फारसा फरक न पडणारे. ही प्रतिपिंडे बहुतेक आयजीजी-४ वर्गातली. ती कॉम्प्लिमेंट (पेशींवर हल्ला करणारी रक्तातली प्रथिने) पेटवत नाहीत. नसेचे आवरण जिथे तंतूला चिकटते तिथली पकड सोडवतात. म्हणून इथे रिटुक्सिमॅब हे बी-पेशी नष्ट करणारे औषध अधिक कामाला येते. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी या रुग्णांना सीआयडीपीतून बाहेर काढून ‘ऑटोइम्यून नोडोपॅथी’ असा वेगळा गट केला.

त्यावर आक्षेप आले. चाचणी सगळीकडे होत नाही. मग निदान प्रयोगशाळेवर सोडायचे का? शिवाय काहींत, विशेषतः सुरुवातीला, प्रतिपिंडे इतर वर्गांतली असतात आणि आयव्हीआयजी लागूही पडते. आक्षेपांत तथ्य आहे. तरीही निर्णय योग्यच होता. जुन्या नावाखाली हे रुग्ण फारसे लागू न पडणारे उपचार महिनोन्‌महिने घेत राहत, आणि तोवर नसेचा तंतूच झिजत जाई.

टायटर निरुपयोगी आहे असेही नाही. नोडोपॅथीत रिटुक्सिमॅबनंतर त्याच रुग्णाचा आकडा उतरतो, तशी ताकद बहुधा परत येते. अँटी-मॅग न्यूरोपॅथीतही (नसेच्या आवरणातल्या मॅग या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असलेला आजार) पहिल्या आकड्यापेक्षा तो किती घसरला, हेच पाहावे लागते.