शेर्जा बुरूज: तोफ आधी, बुरूज नंतर

विजापूरला गेलेला माणूस पश्चिमेच्या तटावर चढतो तो मुलुखमैदान तोफ पाहायला. तोफेच्या जबड्याशी फोटो काढला की पावले गोलघुमटाकडे वळतात आणि ज्यावर आपण उभे होतो तो शेर्जा बुरूज पाहायचा राहूनच जातो. तोफ या बुरुजासाठी ओतलेली नाही. दोघांच्या वयात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.

शहराची तटबंदी तालिकोटच्या लढाईच्या (१५६५) सुमाराची. दोन दगडी भिंती, मध्ये मातीचा भराव, बाहेर खंदक, सुमारे दहा किलोमीटरचा घेर आणि ९६ बुरूज. काम सरदारांत वाटून दिलेले, त्यामुळे तटाची घडण जागोजागी बदलते. शेर्जा बुरूज मात्र बराच नंतरचा. त्यावरचा फार्सी लेख सांगतो की दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात तो पाच महिन्यांत उभा राहिला. फार्सी अक्षरांना ठरलेले अंक असतात; लेखातल्या शेवटच्या शब्दांच्या अक्षरांची बेरीज केली की हिजरी साल निघते, म्हणजे इसवी सन १६७१. शेर्जा म्हणजे सिंह. आपल्या बैलजोडीतला सर्जा याच शब्दाचा भाऊ. बुरुजाच्या दगडात सिंहाची तोंडे कोरलेली आहेत.

पाच महिन्यांची ही घाई कशासाठी? १६६५च्या अखेरीस मुघल फौज विजापूरपासून काही कोसांवर येऊन ठेपली होती. तिला पाणी-वैरण मिळू नये म्हणून शहराभोवतालच्या विहिरी आणि झाडे आदिलशाहीने स्वतःच नासवली. फौज परतली, पण भीती उरली. मला तरी बुरुजाचे मूळ त्या भीतीत दिसते.

तोफ १५४९ची, अहमदनगरात निजामशाहीत ओतलेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२मध्ये तिथून विजापूरला आली. लांबी साडेचार मीटरच्या आत, पण वजन ५५ टनांच्या घरात आणि नळीचे तोंड सत्तर सेंटिमीटरचे, माणूस आत बसेल एवढे. तोंडाला सिंहाचा जबडा, दातांत हत्ती चिरडलेला. बोटाच्या पेराने ठोकले तर घंटेसारखा नाद येतो, कारण धातूही घंटेच्याच जातीचा. बुरुजाचा वरचा भाग याच तोफेला धरून आखला आहे: मध्ये तोफ फिरवण्याचा खुंट आणि तिचा धक्का झेलायला मागे गोलाकार भिंत.

आता नावाचा गुंता. मराठीत ‘मुलुखमैदान’, पुस्तकांत ‘मलिक-ए-मैदान’. मराठी रूप अपभ्रंश आहे असे सर्रास सांगितले जाते, आणि हे मला पटत नाही. फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. मीम, लाम, काफ या तीन अक्षरांचे ‘मलिक’ म्हणजे राजा असेही वाचन होते आणि ‘मुल्क’ म्हणजे मुलूख असेही. अर्थाने ‘मैदानाचा राजा’ सरस बसतो, तोफेला असे नाव शोभतेही. पण ‘मुलूख’ हे वाचनही त्याच अक्षरांतून निघते, आणि मराठीने ते उचलून त्याला स्वतःचे आयुष्य दिले. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो. त्याला मलिक-ए-मैदान म्हटलेले मी कधी ऐकले नाही. ज्या शब्दाने एवढे काम केले, त्याला चूक म्हणून खोडणे बरोबर नाही.

१६८६मध्ये औरंगजेबापुढे शहर पडले. त्या वेढ्याचे वण दक्षिणेच्या लांडा कसाब बुरुजावर जास्त दिसतात. विजेत्या बादशहाने तोफ जिंकल्याचा लेख तिच्यावरच कोरून घेतला.

खरा घात जवळ आला तो शांततेच्या काळात. १८१८नंतर विजापूर सातारच्या छत्रपतींकडे होते आणि १८४८मध्ये ते राज्य खालसा झाले. १८५४मध्ये निरुपयोगी सरकारी सामान विकून टाकण्याचा हुकूम निघाला, आणि त्यात ही तोफही लिलावाला निघाली. सर्वांत वरची बोली आली दीडशे रुपयांची. रक्कम क्षुल्लक, शिवाय लोक तोफेला मानतात, हे स्थानिक अधिकाऱ्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. त्या दिवशी सौदा पक्का झाला असता तर तोफ भट्टीत गेली असती आणि पश्चिम तटावर राहिला असता फक्त एक गोल ओटा, त्याच्यामागे कशाचाच धक्का न झेलणारी भिंत.