चोळताना उठणारा पांढरेपणा आणि चोळूनही न जाणारा पांढरेपणा

क्रीम लावल्यावर चेहरा पांढरट दिसतो, ही तक्रार घरी क्रीम बनवणाऱ्यांच्या आणि बाजारातून आणणाऱ्यांच्याही परिचयाची आहे. या एकाच तक्रारीमागे दोन अगदी निराळी कारणे असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला, तर साहित्य वाया जाते.

पहिला पांढरेपणा चोळू लागल्यावरच उमटतो. बोटांच्या हालचालीने क्रीममध्ये हवा शिरते. इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक) आणि स्टिअरिक अ‍ॅसिड या मेणासारख्या स्निग्धाम्लापासून क्रीममध्येच तयार झालेला साबण, हे दोन्ही तिचे बारीक बुडबुडे धरून ठेवतात आणि त्या बुडबुड्यांवरून विखुरलेला प्रकाश पांढरा दिसतो. पाणी उडून गेले की फेस मोडतो, त्यामुळे हा थर थोड्याच वेळात नाहीसा होतो. ज्या जुन्या ‘स्नो’ प्रकारच्या क्रीममध्ये स्टिअरिक अ‍ॅसिडचा थोडा भाग अल्कलीने साबणात बदललेला असतो, त्यात हे ठळकपणे दिसते.

दुसरा पांढरेपणा ऊन अडवण्यासाठी घातलेल्या झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पावडरींच्या कणांचा असतो. त्वचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४ ते १.५, झिंक ऑक्साइडचा सुमारे २.०, तर टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल प्रकाराचा सुमारे २.७ आहे. या मोठ्या फरकामुळे प्रकाश कणांवरून विखुरतो. हे कण उडून जात नाहीत, त्वचेत जिरतही नाहीत. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात घाम आला, की त्यांचे ओघळ दिसू लागतात आणि सावळ्या वर्णावर राखाडी, जांभळट झाक उरते.

ओळखण्यासाठी हाताच्या पाठीवर वाटाण्याएवढे क्रीम मिनिटभर चोळावे, मग तसेच वाळू द्यावे. चोळताना पांढरे झाले आणि वाळल्यावर स्वच्छ दिसले, तर दोष फेसाचा. वाळल्यावरही पांढरट राहिले, तर कणांचा. विकतच्या डबीवरील घटकांची यादीही वाचावी, कारण जास्त प्रमाणातील घटक तीत साधारणपणे आधी लिहिलेले असतात.

फेसावर उपाय सोपा आहे. स्टिअरिक अ‍ॅसिड, क्रीम दाट करणारे सिटिल अल्कोहोल आणि इमल्सिफायिंग वॅक्स थोडे कमी करावे, एक-दोन टक्के डायमेथिकोन (फेस मोडणारे सिलिकॉन तेल) घालावे आणि क्रीम गार होताना जोराने घुसळू नये. अनेक जण क्रीम फाटू नये म्हणून उलट इमल्सिफायरच वाढवतात. त्याने पांढरेपणाही वाढतो. याखेरीज बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले, तर त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे.

कणांच्या बाबतीत डायमेथिकोन फारसे कामी येत नाही. पावडर आधी थोड्या तेलात किंवा एस्टरमध्ये (तेलासारख्या पातळ घटकात) गुठळी न राहता घोटून घ्यावी लागते. अधिक बारीक कणांची पावडर कमी पांढरी दिसते आणि किंचित आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य मिसळल्यास थर त्वचेच्या रंगाजवळ येतो. स्टिअरिक अ‍ॅसिड भरपूर असलेल्या मूळ क्रीममध्ये झिंक ऑक्साइड घालणे मात्र टाळावे, कारण दोघांपासून झिंक स्टिअरेट बनून क्रीम घट्ट व रवाळ होऊ शकते आणि एकाच डबीत दोन्ही दोष येतात.

पांढरेपणा घालवण्यासाठी सनस्क्रीनमधील झिंक कमी केले, तर उन्हापासूनचे संरक्षणही कमी होते. हे संरक्षण पांढरेपणावरून मोजता येत नाही. थर पांढरा दिसतो म्हणून तो पुरेसा आहे, असे समजून घरच्या क्रीमच्या भरवशावर दुपारच्या उन्हात जाऊ नये.