एकच अल्बम, दोन गळे : येसचा 'फ्लाय फ्रॉम हिअर' आणि त्याची 'रिटर्न ट्रिप'

येस या ब्रिटिश बँडच्या अल्बमांच्या यादीत 'फ्लाय फ्रॉम हिअर' हे नाव दोनदा सापडतं. २०११ साली नुसतं तेवढंच, आणि २०१८ साली 'फ्लाय फ्रॉम हिअर : रिटर्न ट्रिप' असं. निर्माता दोन्हीकडे ट्रेव्हर हॉर्न. गिटार, बास, ड्रम्स आणि कीबोर्डवरची मंडळी तीच. गाण्यांचा क्रमही जवळपास तोच. साहजिकच प्रॉग रॉककडे, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताकडे, नव्याने वळलेले श्रोते दुसऱ्याला पहिल्याचं रीमास्टर समजतात आणि एक ऐकला म्हणजे झालं, असं धरून चालतात. जुन्याजाणत्या चाहत्यांची गल्लत वेगळी असते. त्यांच्या लेखी २०१८चा अल्बम म्हणजे सुधारून वाढवलेली आवृत्ती, आणि म्हणून २०११चा अल्बम आता बाद. मला दोन्ही पटत नाही. दुसरं तर मुळीच नाही.

फरक सांगायला एक वाक्य पुरतं. २०११च्या अल्बमवर मुख्य गायक आहे बेन्वा डेव्हिड. २०१८ साली त्याचा आवाज काढून त्या जागी खुद्द निर्मात्याने, म्हणजे हॉर्नने, गायलं. पण हा बदल का झाला आणि त्यामुळे अल्बमचा मालक कसा बदलला, हे कळायला थेट १९८० साल गाठावं लागतं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला येसमधून संस्थापक गायक जॉन अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन बाहेर पडले. मागे उरले ख्रिस स्क्वायर, स्टीव्ह हाऊ आणि अ‍ॅलन व्हाइट. म्हणजे बास, गिटार आणि ड्रम्स. गायक नाही, कीबोर्ड नाही. त्याच सुमारास हॉर्न आणि जेफ डाउन्स ही जोडी 'द बगल्स' नावाने जोरात होती. 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' हे त्यांचं १९७९चं गाणं. पुढे १९८१ साली एमटीव्ही सुरू झाली तेव्हा पहिला व्हिडिओ लागला तो याच गाण्याचा. दोन्ही बँडचा मॅनेजर एकच होता, ब्रायन लेन. बगल्सनी येससाठी म्हणून एक गाणं आणलं आणि बघता बघता दोघेही येसमध्ये दाखल झाले. या पाच जणांनी मिळून 'ड्रामा' हा अल्बम केला. ऑगस्ट १९८०मध्ये तो आला आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

येसला दाखवायला आणलेलं ते गाणं मात्र 'ड्रामा'त आलंच नाही. त्याचं नाव 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर'. १९८०च्या दौऱ्यात ते मंचावर वाजलं, रेकॉर्डवर आलं नाही. दौरा हॉर्नला जड गेला. अँडरसनची पट्टी फार वरची. रोज रात्री त्या पट्टीत जुनी गाणी म्हणणं हॉर्नच्या गळ्याला झेपणारं नव्हतं, आणि मायदेशी ब्रिटनमध्ये काही ठिकाणी प्रेक्षकांनी ते ऐकवूनही दाखवलं. दौरा संपला आणि बँडही विखुरला. हॉर्नने मग निर्माता म्हणून नाव काढलं. १९८३चा '९०१२५' हा येसचा सगळ्यात खपाऊ अल्बम त्याच्याच हातचा, आणि त्यातलं 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' १९८४च्या सुरुवातीला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण येसचा गायक ही त्याची ओळख एका अल्बमापाशीच थांबली.

गाणं तेवढं तीस वर्षं अंगावर धूळ घेत पडून राहिलं. २००५मध्ये 'द वर्ड इज लाइव्ह' या संचात त्याचं १९८०चं मंचावरचं ध्वनिमुद्रण आलं. २०१०मध्ये बगल्सच्या दुसऱ्या अल्बमाची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात जोडगाणी (बोनस ट्रॅक) म्हणून याचे मूळ डेमो, म्हणजे कच्ची ध्वनिमुद्रणं, आले. डेमो ऐकणाऱ्याला एक गोष्ट लगेच कळते : चाल, शब्द आणि विमानतळाचं सगळं वातावरण तेव्हाच ठरलेलं होतं.

आता २००८. अँडरसनची तब्येत श्वसनाच्या त्रासाने बिघडली आणि ठरलेला दौरा त्याला जमणार नव्हता. स्क्वायरने यूट्यूबवर कॅनडातल्या एका बँडचा व्हिडिओ पाहिला होता. येसचीच गाणी वाजवणारा हा बँड, नाव 'क्लोज टू द एज', आणि त्याचा गायक क्विबेकचा बेन्वा डेव्हिड. त्यालाच बोलावलं. दोन-अडीच वर्षं डेव्हिडने रोज रात्री अँडरसनची गाणी अँडरसनच्या पट्टीत म्हटली. हॉर्नला जे जमलं नव्हतं, ते याने निभावून नेलं, हे आधी मान्य करायला हवं. २०१०मध्ये नव्या अल्बमाचं काम सुरू झालं तेव्हा कीबोर्डवर रिकचा मुलगा ऑलिव्हर वेकमन होता. निर्माता म्हणून हॉर्नला विचारलं. सुरुवातीला बोलणं फक्त त्या जुन्या गाण्यापुरतं होतं. मग गाण्याचा विस्तार होत होत जवळपास २४ मिनिटांचा सूट, म्हणजे अनेक भागांची एक सलग रचना, झाला, आणि काम पुढे सरकलं तसा सबंध अल्बम हॉर्नकडे आला. मूळ चालीचा अर्धा धनी डाउन्स. त्यामुळे त्यालाही परत बोलावलं आणि ऑलिव्हर वेकमनला जावं लागलं. त्याने वाजवलेलं काही अल्बमवर राहिलं, त्याचं नावही श्रेयात आहे.

म्हणजे २०११चा 'फ्लाय फ्रॉम हिअर' निघाला तेव्हा 'ड्रामा'च्या पाचांपैकी चार जण वाजवत होते आणि पाचवा काचेच्या पलीकडे निर्मात्याच्या खुर्चीत होता. शिवाय मागच्या आवाजांत हॉर्न गातोही आहे. फक्त पुढच्या माइकवर वेगळा माणूस उभा आहे. २००१च्या 'मॅग्निफिकेशन'नंतर दहा वर्षांनी आलेला येसचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. ब्रिटनमध्ये तो तिसाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत छत्तिसाव्या. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच डेव्हिडलाही श्वसनाचाच त्रास झाला, आणि २०१२च्या सुरुवातीला त्याच्या जागी जॉन डेव्हिसन आला. येसच्या नावावर डेव्हिडचं स्टुडिओतलं तेव्हा एवढंच काम राहिलं.

जून २०१५मध्ये स्क्वायर गेला, रक्ताच्या कर्करोगाने. तोपर्यंतच्या येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेला तो एकमेव माणूस. 'रिटर्न ट्रिप' मागे हे जाणं उभं आहे. २०१८मध्ये येसला ५० वर्षं झाली. मार्चमध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये कार्यक्रम झाले, आणि त्याच मुहूर्तावर हा अल्बम आला. 'ड्रामा'च्या पाच जणांचा दुसरा अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित करणं आता शक्यच नव्हतं. पण स्क्वायरचा बास २०११च्या ट्रॅकवर सुखरूप होता. हॉर्नने मुख्य आवाज बदलला, सगळं मिक्सिंग पुन्हा केलं, आणि ३८ वर्षांनी ते पाच जण एका अल्बमवर एकत्र दिसले. विक्री सुरुवातीला प्लेजम्युझिक या चाहत्यांकडून आगाऊ नोंदणी घेणाऱ्या सेवेमार्फत झाली. ती सेवा पुढच्याच वर्षी बंद पडली.

इथे रीमास्टर आणि रीमिक्स यांची गल्लत आधी दूर केली पाहिजे. रीमास्टरमध्ये तयार झालेल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणावर हात फिरवतात. आवाजाची पातळी, खर्ज-तार यांचा तोल सुधारतात. आतलं एखादं वाद्य वेगळं काढता येत नाही. रीमिक्ससाठी मूळ सुटे ट्रॅक लागतात : बास वेगळा, ड्रम्स वेगळे, प्रत्येक गळा वेगळा. ते असले की एक ट्रॅक गाळून त्या जागी दुसरा बसवता येतो. 'रिटर्न ट्रिप'मध्ये हेच झालं. जुन्या नाटकाचा प्रयोग नव्या नटसंचात लागतो म्हणतात, तसा हा प्रकार; फक्त नट एकच बदलला आहे आणि तो नायक आहे.

कानाला काय जाणवतं? सूटचा दुसरा भाग, 'सॅड नाइट अ‍ॅट द एअरफील्ड', घ्या. सुरुवात एकट्या अकूस्टिक गिटारने होते, लय संथ, आणि मग आवाज येतो. डेव्हिडचा आवाज इथे गोल, स्वच्छ आणि जरा लांबून आल्यासारखा आहे. दु:ख आहे, पण ते सुरांतून येतं. गाणारा माणूस स्वतः फारसा दिसत नाही. चाल चढत जाते, हाऊची स्टील गिटार आत येते, तेव्हा डेव्हिड तिच्याबरोबर अलगद वर जातो, कुठे जोर लावल्याचं कळत नाही. हॉर्नकडे ही सहजता नाही. त्याचा आवाज कोरडा, किंचित नाकातला, ईशान्य इंग्लंडच्या बोलीची छटा असलेला. तोच भाग तो गातो तेव्हा रिकाम्या धावपट्टीवर खरोखर कुणी म्हातारा उभा आहे असं वाटतं. २०१८ साली हॉर्न ६८ वर्षांचा होता. तिशीत केलेली चाल तो सत्तरीच्या उंबरठ्यावर म्हणतो आहे, हे लपत नाही आणि लपवलेलंही नाही. तरी हा भाग मी डेव्हिडचाच ऐकतो. चढाला जी झेप लागते ती त्याच्याकडे आहे.

तिसऱ्या भागात, 'मॅडमन अ‍ॅट द स्क्रीन्स'मध्ये, पारडं फिरतं. ओव्हर्चरमध्ये, म्हणजे सूटच्या सुरुवातीच्या वाद्यांच्या भागात, पियानोवर जी तुटक, टोचणारी चाल ऐकू येते तीच इथे शब्द घेऊन येते. पडद्यांसमोर बसलेला, भान हरपत चाललेला माणूस. वाक्यं छोटी, घाईची. इथे गोड गळा अडचणीचा ठरतो. डेव्हिड नीट गातो, आणि नीटपणा हाच दोष होतो. हॉर्न शब्द चावून, अर्धे बोलल्यासारखे टाकतो. बगल्सची जी थंड, यंत्रांनी पछाडलेली मांडणी होती तिच्यातूनच हा माणूस आला आहे, हे त्याच्या तोंडी लगेच पटतं. 'लाइफ ऑन अ फिल्म सेट'चंही तेच. तेही मुळात बगल्सचा डेमो, 'रायडिंग अ टाइड' या नावाचा. जी गाणी हॉर्न-डाउन्सनी रचली ती हॉर्नच्या तोंडात बसतात, यात नवल नाही.

पण अल्बम फक्त त्या दोघांचा नाही, आणि 'बाद' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. 'द मॅन यू ऑलवेज वाँटेड मी टू बी'वर २०११मध्ये स्क्वायर स्वतः पुढे येऊन गातो. 'बंपी राइड' आणि 'अवर ऑफ नीड' हाऊचे. 'सॉलिटेअर' म्हणजे हाऊ एकटा, गिटार घेऊन, तिथे गायकाचा प्रश्नच नाही. आणि शेवटचं 'इन्टू द स्टॉर्म' या गाण्याच्या श्रेयात स्क्वायर, ऑलिव्हर वेकमन, हाऊ, हॉर्न आणि व्हाइट यांच्या बरोबरीने डेव्हिडचं नाव आहे. २००८पासून दौरे करत फिरणाऱ्या बँडचं ते गाणं आहे, १९८०च्या बँडचं नाही. त्यातून डेव्हिडला काढलं की ज्याने गाणं रचायला हात लावला त्याचाच गळा नाहीसा होतो. 'रिटर्न ट्रिप'ची कल्पना सूटच्या बाबतीत न्याय्य वाटते. इथे मात्र ती मला खुपते.

नावांच्या या गर्दीत आणखी एक तिसरं नाव घोटाळा करतं. २०१९मध्ये 'फ्रॉम अ पेज' आला. त्यात डाउन्स येण्याआधीची, डेव्हिड आणि ऑलिव्हर वेकमन यांच्या काळातली चार गाणी आहेत. हॉर्न आला नसता तर येसचा २०११चा अल्बम कोणत्या दिशेला गेला असता, याचा अंदाज त्यातून येतो. डेव्हिडचा गळा आवडला असेल तर ही गाणी चुकवू नका. 'फ्लाय फ्रॉम हिअर'शी त्यांचा गाण्यांपुरता संबंध नाही, काळापुरता आहे.

दोन्हींपैकी हाताशी कोणता आहे ते ओळखणं सोपं आहे. २०११च्या अल्बमवर ११ ट्रॅक आहेत, 'रिटर्न ट्रिप'वर १२. जास्तीचा ट्रॅक म्हणजे 'डोन्ट टेक नो फॉर अ‍ॅन आन्सर', हाऊने रचलेलं आणि हाऊनेच गायलेलं, २०११च्या सत्रांतलं. साधं गाणं आहे, त्याच्यामुळे कुणी मत बदलेल असं नाही. 'अवर ऑफ नीड' मात्र बघा. २०११च्या नेहमीच्या आवृत्तीत ते तीनेक मिनिटांत संपतं. 'रिटर्न ट्रिप'वर ते पूर्ण लांबीचं आहे, दुपटीहून मोठं, आणि वाढलेला सगळा भाग वाद्यांचा आहे. ही लांब आवृत्ती २०११मध्ये जपानच्या अल्बमवर जोडगाणं म्हणून होती, डेव्हिडच्या आवाजात. तेव्हा ते गाणं आवडलं आणि डेव्हिडच हवा असेल, तर जपानी सीडी शोधा.