कॅश क्रेडिट (सी.सी.)

खेळत्या भांडवलासाठी बँका आणि पतसंस्था व्यावसायिकाला देतात ते फिरते कर्ज. माल भरताना पैसे उचलायचे, विक्री झाली की त्याच खात्यात भरायचे. व्याज रोजच्या बाकीवर मोजून महिन्याला नावे पडते, त्यामुळे गल्ला दुपारीच भरणाऱ्याचे व्याज वाचते. दुकानातला माल आणि गिऱ्हाइकांकडची येणी बँकेला नजरतारण असतात. ताबा मालकाकडेच राहतो.

लहान उद्योगांची मर्यादा बहुधा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या पद्धतीने ठरते. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागते असे धरून २० टक्के बँक देते, ५ टक्के मालकाने घालायचे. उलाढाल ४० लाख असेल तर बँकेचे ८ लाख, स्वतःचे २ लाख.

मात्र ८ लाख मंजूर झाले म्हणून ८ लाख उचलता येतातच असे नाही. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे माल आणि येणी यांच्या पत्रकावरून, ड्रॉइंग पॉवर (डी.पी.), म्हणजे प्रत्यक्ष उचलता येईल ती रक्कम, काढतात. समजा माल ७ लाखांचा, त्यातला २ लाखांचा उधारीवर आणलेला. उरलेल्या ५ लाखांतून २५ टक्के दुरावा (मार्जिन, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचा हिस्सा) वजा जाऊन राहिले ३.७५ लाख. ९० दिवसांच्या आतली येणी ३ लाख, त्यांवर ४० टक्के दुरावा धरला तर १.८० लाख. डी.पी. झाली ५.५५ लाख. दुराव्याचे प्रमाण बँकेगणिक बदलते. जुनी येणी हिशेबातून गळतात, म्हणून वसुली रखडली की डी.पी. आपसूक घटते.

स्टेटमेंट देण्याचा कंटाळा महागात पडतो. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर केलेली उचल अनियमित ठरते आणि अशी स्थिती सलग ९० दिवस राहिली की धंदा तेजीत असूनही खाते एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) होऊ शकते. फुगवलेला साठा जीएसटी विवरणपत्रांशी ताडल्यावर उघडा पडतो, तो वेगळाच ताप.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सी.सी.तून यंत्र किंवा गाळा घेणे. त्यात अडकलेले पैसे विक्रीतून लगेच परत येत नाहीत. खाते मर्यादेला चिकटून बसते आणि दिवाळीचा माल भरायला हातात काही उरत नाही. अशा खरेदीला मुदत कर्जच घ्यावे.

मालाचा विमाही नीट पाहावा. दुसऱ्या गोदामाचा पत्ता पॉलिसीत नसेल तर तिथल्या आगीची भरपाई सहसा नाकारली जाते, कर्ज मात्र उभेच राहते.